ऑर्वलचं क्लोव्हर आणि आर्डिसचा फवारा

आर्डिस फॉसहाइम ही सहजासहजी हुरळून जाणारी बाई नव्हे. तिनं जन्मभर शाळेची बस चालवली. मागच्या बाकांवर पोरं एकमेकांच्या टोप्या खिडकीबाहेर भिरकावत असायची, बाहेर रस्त्यावर बर्फ गोठून निसरडं झालेलं असायचं, आणि ही आरशात एक नजर टाकून एवढंच म्हणायची, "बसा खाली." पोरं बसायची. अशी ही बाई निवृत्त झाल्यावर एका वसंतात फवारणीच्या पंपापायी इतकी वेडी झाली, की गावातल्या कॉफीच्या टेबलावर तेवढे दिवस दुसरा विषयच निघाला नाही.

आमच्या पश्चिम विस्कॉन्सिनच्या डोंगरधारांवर फॉसहाइम भावांचं सामायिक रान आहे. वर ओकची झाडं, खाली घळीत ओढा. तिथं शेती होत नाही, नोव्हेंबरात हरणांची शिकार होते. हरणांनी शेजाऱ्याकडे न जाता आपल्या रानात यावं म्हणून झाडीतल्या मोकळ्या तुकड्यांत त्यांच्यासाठी चारा पेरायचा, ही आमच्याकडची रीत. इथली माणसं घराची पडवी रंगवायचं काम वर्षानुवर्षं पुढं ढकलतील, पण हरणांच्या तुकड्यात तण दिसलं की त्यांना जेवण जात नाही. आणि ज्यानं तुकडा राखला त्यानं त्यात काय पेरायचं ते ठरवावं, हा नियम कोणी लिहिलेला नसला तरी कोणी मोडलेलाही नाही.

धारेवरचा तुकडा ऑर्वलचा. ऑर्वल म्हणजे आर्डिसचा नवरा. त्याच्या शेवटच्या मार्चमध्ये, श्वास पुरत नसताना, तो कॉफीच्या रिकाम्या डब्यात क्लोव्हरचं, म्हणजे हरणांच्या आवडत्या तीनपानी चाऱ्याचं, बी घेऊन वर गेला आणि विरत चाललेल्या बर्फावर मुठीमुठीनं फेकत फिरला. रात्री जमीन गोठते, दिवसा सुटते, बी आपलं आपण मातीत शिरतं. आर्डिस एटीव्हीवर, म्हणजे चार चाकांच्या उघड्या रानगाडीवर, बसून त्याच्या मागं मागं होती, "आता पुरे, आता पुरे" म्हणत. तो काही पुरे करत नव्हता. पानगळीच्या आधी ऑर्वल गेला. क्लोव्हर मात्र उगवलं, पसरलं, पुढच्या उन्हाळ्यात पाऊल बुडेल इतकं दाट झालं. आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्यात गवत शिरलं.

ईस्टरच्या जेवणाला हॅम कापता कापता मायलोनं विषय काढला. मायलो हा ऑर्वलचा थोरला भाऊ. मनानं वाईट नाही, पण जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत तयार असतं आणि ते तो विचारायच्या आधी देतो.

"वरचा तुकडा गेला बरं का, आर्डिस. गवतानं खाल्ला. जुलैत ट्रॅक्टर घेऊन येतो आणि सगळा उलथून टाकतो. सलगम पेरू."

"ते ऑर्वलचं क्लोव्हर आहे."

"होतं. आता ते गवत आहे. अगं, तो माझा भाऊच होता, मला काय आनंद होतोय? पण मेलेल्याला मेलेलं म्हणावं माणसानं."

मायलोच्या बायकोनं, जॉइसनं, टेबलाखालून त्याला लाथ घातली. ती इतकी जोरात होती की बटाट्यांचं भांडं हललं.

"मेलेलं नाहीये," आर्डिस म्हणाली. "खाली आहे जिवंत. वरचं गवत मारलं की येईल वर."

"मारणार कसं? चिमट्यानं उपटणार?"

"फवारणार."

"मग माझा पंप ने की! उगाच नवा कशाला?"

"त्यातनं तू काटेरी तणावरचं औषध मारतोस ना?"

"धुतलाय मी तो."

"कसा धुतलास?"

"पाणी फिरवलं की आतून!"

"नको," आर्डिस म्हणाली, "तुझा पंप तुलाच लखलाभ."

तिचं बरोबर होतं. काटेरी तणाचं औषध रुंद पानांना मारतं, आणि क्लोव्हर रुंद पानांचंच. ते औषध टाकीच्या अंगाला, नळ्यांच्या पोटात चिकटून बसतं, नुसत्या पाण्यानं जात नाही. पण दुसऱ्याचा पंप नाकारणं म्हणजे आमच्याकडे त्याच्या घरची कॉफी नाकारण्यासारखंच. मायलोच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "चार जुलैला मी वर येईन. क्लोव्हर दिसलं तर नांगर घरी. नाही दिसलं तर सलगम."

"आणि क्लोव्हर दिसलं तर तुझ्या शर्टाची शेपटी," आर्डिस म्हणाली.

शिकारीच्या कॅम्पवर ज्याचा नेम चुकतो, त्याच्या शर्टाचं मागचं टोक सगळ्यांदेखत कापतात आणि नाव घालून भिंतीला ठोकतात. त्या भिंतीवर सर्वांत जास्त शेपट्या ऑर्वलच्या. माणूस गोड होता, पण नेमबाज म्हणून भयंकर.

"शेपटी गोळी चुकल्यावर कापतात," मायलो गुरगुरला.

"तोंडानं चुकलास तरी चालेल," जॉइस म्हणाली आणि सगळे हसले. मायलोला हो म्हणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

दुसऱ्याच दिवशी आर्डिस शेतकी दुकानात हजर. तिथं रिनेय काम करते. ती लहानपणी आर्डिसच्याच बसमध्ये मागच्या बाकावर बसायची, त्यामुळं आर्डिस आत आली की आजही तिची पाठ आपोआप ताठ होते.

"मिसेस फॉसहाइम, हा न्या तुम्ही. सगळ्यात मोठी टाकी. सगळे हाच नेतात."

"सगळे नेतात ते सगळ्यांचं. माझ्या बोकडाला झेपेल का ते सांग."

बोकड म्हणजे ऑर्वलची एटीव्ही. जुनी, लाल, चार जाड टायरांची, हँडलला चिकटपट्टी गुंडाळलेली. चढाला लागली की खरोखरच बोकडासारखी उड्या मारत वर जायची, म्हणून ऑर्वलनं तिला ते नाव दिलं होतं. बोकडाला ते झेपेल की नाही, हे रिनेयला माहीत नव्हतं. पुस्तिकेत बोकडाचा उल्लेख नव्हता.

मग आर्डिसनं जे केलं त्याची गोष्ट अजून सांगतात. भरलेल्या टाकीचं जितकं वजन, तितक्या मिठाच्या गोण्या, पाण्याचा जडपणा काढायच्या यंत्रात घालतात त्या, तिनं बोकडाच्या मागच्या रॅकवर बांधल्या आणि निघाली धारेवर. जॉइस खाली उभी राहून बघत होती. चढाच्या मध्यावर बोकडानं पुढची दोन्ही चाकं उचलली.

"आर्डिस! उतर खाली! अगं बाई, उतर!"

आर्डिस उतरली नाही. ती हँडलवर पालथी पडली, चाकं पुन्हा जमिनीला लागली, आणि ती खो-खो हसत परत आली. केस विस्कटलेले, गालाला चिखल. जॉइस सांगते की ऑर्वल गेल्यापासून ही बाई इतकी हसलेली तिनं पाहिली नव्हती.

"मोठी टाकी बाद!" आर्डिस ओरडली. "गोण्या कमी कर, गोण्या कमी कर!"

मधल्या टाकीइतक्या गोण्या घेऊन बोकड शहाण्यासारखा वर गेला. एक प्रश्न सुटला. दुसरा होता दांडीचा. काही पंपांना आडवी लांब दांडी असते, तिला ओळीनं नोझल, आणि फवारा सरळ खाली पडतो. काहींना दांडीच नसते, दोनच नोझल लांबवर पिचकारी उडवतात. धारेवरच्या तुकड्याकडे जाताना वाटेत दोन जुने ओक समोरासमोर उभे आहेत. ऑर्वल त्यांना फाटक म्हणायचा, कारण त्यांच्यामधून बोकड जेमतेम जातो. आर्डिसनं गराजमधली लांब लाकडी पट्टी रॅकला आडवी बांधली आणि फाटकातून निघाली. काड्. पट्टीचे दोन तुकडे. तिनं आखूड पट्टी बांधली. पुन्हा काड्.

"जॉइस, दांडी दुमडणारी हवी!" ती अशा आनंदानं म्हणाली की जणू तिला कोणी मोटार बक्षीस दिली होती.

दुकानात शेवटची निवड करायला ती गेली तेव्हा मायलो तिथं आधीच येऊन बसलेला. त्याला कसं कळलं हे कोणी विचारलं नाही. आमच्या गावात कळतं.

"दांडीबिंडी नको," तो म्हणाला. "ही पिचकारीवाली घे. एका फेरीत तुकडा पार."

"वारा सुटला की?"

"मग थोडं इकडं तिकडं."

"इकडं तिकडं म्हणजे माझं औषध हवेत आणि माझं गवत जागेवर. रिनेय, तुला काय वाटतं?"

रिनेयनं एकदा मायलोकडं पाहिलं, एकदा आर्डिसकडं. मागच्या बाकाची आठवण जिंकली. "दुमडणाऱ्या दांडीचा. मधली टाकी. आणि हातात धरायची नळीपण येते सोबत, कडेच्या गवताला."

"बघ!" आर्डिस म्हणाली.

"दोघी मिळून मला वेड्यात काढा," मायलो म्हणाला, पण पंप गाडीत चढवायला त्यानंच हात लावला.

घरी आल्यावर तिनं टाकीत नुसतं पाणी भरलं, पंपाची वायर बोकडाच्या बॅटरीला जोडली आणि दारासमोरच्या कोरड्या डांबरी रस्त्यावर एक चक्कर मारली. ओल्या पट्ट्या उमटल्या. एका ठिकाणी पट्टी फाटलेली दिसत होती, एक नोझल तिरकं बसलं होतं. तिनं ते फिरवलं, रस्ता वाळू दिला, पुन्हा चक्कर. शेजारचे लोक पडवीत येऊन उभे राहिले. शेवटच्या चक्करीला रस्ता कडेपासून कडेपर्यंत एकसारखा ओला झाला, तेव्हा समोरच्या म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या आणि आर्डिसनं बोकडावरून हात हलवला. त्या क्षणी ती फार सुखी होती, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

जूनच्या सुरुवातीला, गवताला अजून तुरे फुटायचे होते तेव्हा, एक बिनवाऱ्याची सकाळ मिळाली. आर्डिसनं हातमोजे चढवले, फक्त गवताला मारणारं औषध मापून टाकीत ओतलं, त्यात थोडा निळा रंग टाकला, म्हणजे कुठं फवारलं ते दिसावं. फाटकाशी दांडी दुमडली, पलीकडं उघडली, आणि बोकडाला हळू गियरमध्ये टाकून ती ऑर्वलच्या क्लोव्हरवरून जायला लागली. मागं निळसर पट्टा उमटत होता. तिचे बूट निळे झाले, विजारीच्या कडा निळ्या झाल्या. "खाली आहेस ना?" ती मोठ्यानं म्हणाली. "जरा दम धर."

घळीतून दुसरं इंजिन ऐकू आलं. मायलो. खाली ओढ्याकाठी त्याचाही क्लोव्हरचा तुकडा आहे, आणि त्यातही थोडं गवत होतंच. दुकानातून त्यानं गुपचूप तेच औषध नेलं होतं, आणि आपल्या जुन्या पंपात भरून, आर्डिसच्या आधी संपवायचं म्हणून, भरधाव चालवत होता.

"झालं माझं!" खालून आरोळी आली. "तुझं काय चाललंय, रांगोळी?"

(आता रांगोळी हा शब्द मायलोचा नव्हे, माझा आहे. त्यानं जे म्हटलं ते चर्चच्या लोकांसमोर सांगता येत नाही.)

त्यानंतर वाट बघणं आलं. या औषधाला घाई नसते. पहिले काही दिवस काहीच झालं नाही आणि मायलो कॉफीच्या टेबलावर नुसतं गालातल्या गालात हसत होता. मग वरचा तुकडा पिवळा पडू लागला. मग तपकिरी. खालच्या रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं की कोणी धारेवर आग लावली. आणि मायलोचा तुकडा हिरवागार.

"बघा बघा," मायलो लोकांना गाडीतून दाखवत फिरला. "पाणी फिरवलं की पंप स्वच्छ होतो. आर्डिसबाईंनी मात्र सगळंच भाजलं."

हे तिच्या कानावर आलं. त्या दिवशी सकाळभर तिनं वर जायचं टाळलं. खिडक्या पुसल्या, रुबार्बच्या आंबट देठांची पाई भाजली, ती करपवली. ऑर्वल शेवटच्या ताकदीनं जे करून गेला, ते आपण आपल्या हातानं मारलं असेल तर? हे ती मायलोजवळ काय, जॉइसजवळही बोलू शकत नव्हती.

दुपारी ती गेलीच. बोकड फाटकापाशी ठेवला आणि चालत आत शिरली. सगळीकडं मेलेलं गवत, पायाखाली कुरकुरणारं. मधोमध जाऊन ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं.

खाली क्लोव्हर होतं. बारीक, फिकट, ऊन न मिळाल्यानं लांबलेलं, पण होतं. तिनं पुढं सरकून दुसरीकडं गवत सारलं. तिथंही. आणखी पुढं. तिथंही. ती गुडघ्यांवर रांगत सगळा तुकडा फिरली आणि रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना. "ऊफ दा, ऑर्वल," ती म्हणाली, आमच्याकडच्या नॉर्वेजियन लोकांचं ते 'अरे देवा'. "ऊफ दा!"

मग पाऊस झाला, आणि ऊन पोचताच क्लोव्हरनं असा जोर धरला की मेलं गवत दिसेनासं झालं. त्याच सुमारास खाली ओढ्याकाठी मायलोचं क्लोव्हर वाकडंतिकडं होऊ लागलं. देठ पिळले गेले, पानं मिटली, आणि हा हा म्हणता सगळा तुकडा लोळला. टाकीच्या पोटात दडलेल्या जुन्या औषधानं आपलं काम चोख केलं होतं. गवताच्या औषधातलं तेल मिळताच ते चिकटलेलं सुटून बाहेर आलं होतं.

चार जुलैला मायलो वर आला, नांगर न आणता. धारेवर पांढरी फुलं डोलत होती आणि मधमाश्यांचा आवाज येत होता. तो टोपी काढून बराच वेळ उभा राहिला. आर्डिसनं त्याला टोमणा मारायचं ठरवून ठेवलं होतं, चांगला तयार करून. पण त्याचा चेहरा बघून तो तिनं गिळला.

"तुला माहीत नाही," मायलो म्हणाला. "माझं बी आणि हे बी एकाच पोत्यातलं. त्या शेवटच्या मार्चमध्ये त्यानं अर्धं मला दिलं होतं. म्हणाला, तू खाली टाक, मी वर टाकतो, कोणाचं आधी उगवतं बघू." त्यानं टोपीची कड चुरगळली. "माझं मी मारलं, आर्डिस."

तिला हे ऑर्वलनं कधी सांगितलं नव्हतं. तिनं वाकून एक फूल खुडलं. मग म्हणाली, "ऑगस्टमध्ये फुलं वाळली की पोतं घेऊन ये. बी झाडून नेऊ. मार्चमध्ये दोघं मिळून खाली फेकू."

"आणि पंप?"

"माझा ने. पण त्यात काटेरी तणाचं औषध थेंबभर जरी घातलंस, तर तुला बोकडाला बांधून फाटकातून ओढीन."

"दांडी उघडी ठेवून?" मायलोनं विचारलं, आणि मग दोघंही हसले.

नोव्हेंबरात शिकारीच्या आदल्या संध्याकाळी कॅम्पवर ब्रँडी आणि सॉसेजच्या साक्षीनं मायलोनं सगळ्यांकडे पाठ केली. जॉइसनं कात्री चालवली, आणि जरा जास्तच वर चालवली. कापडावर लिहिलं, "मायलो. तोंडानं चुकला." ते ऑर्वलच्या शेपट्यांच्या रांगेशेजारी ठोकलं.

सकाळी आर्डिस धारेवरच्या मचाणावर बसली होती. नारिंगी जाकिटाच्या आत तिनं ऑर्वलचा शर्ट घातला होता. कपाटात तिनं बरेच शोधले, पण शेपटी शाबूत असलेला एकच निघाला, चर्चचा निळा. तो त्यानं कॅम्पवर आणू नये म्हणून तीच दर वर्षी लपवून ठेवायची.

उजाडलं तसा एक मोठा नर झाडीतून बाहेर आला. शिंगं ओकच्या फांद्यांसारखी पसरलेली. तो थेट क्लोव्हरमध्ये शिरला, मान खाली घातली आणि खाऊ लागला. ऑर्वलच्या मुठीतून पडलेलं ते बी, आणि त्यावर हे जनावर. तिनं बंदूक खांद्याला लावली, गोळी झाडली. नरानं मान वर केली, तिच्याकडं बघितलं, आणि शेपटीचा पांढरा झेंडा दाखवत निघून गेला.

मायलो आणि इतर धावत आले. सगळ्यांनी खाली वाकून तपासलं. रक्त नाही, केस नाही. गोळी समोरच्या ओकमध्ये रुतलेली.

"ऑर्वलसारखीच गं तू!" मायलो ओरडला. "तंतोतंत ऑर्वल!"

कॅम्पवर तिनं जाकीट काढलं. मायलो कात्री घेऊन मागं उभा राहिला आणि थबकला. त्यानं तो निळा शर्ट ओळखला. त्याच्या हातातली कात्री खाली आली.

"हा नको, आर्डिस. हा त्याचा शेवटचा धड शर्ट असेल."

"म्हणूनच," ती मान न वळवता म्हणाली. "काप रे. त्याला सवय आहे."